बार्शीचा साहेब आणि मॅनिफोल्डची गाडी

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात हल्म एंड नावाचं एक छोटं ठिकाण आहे. १९०४ ते १९३४ या काळात तिथे अडीच फुटी रुळांवरून एक गाडी यायची. तिला दोन इंजिनं होती आणि त्यांतल्या एकाचं नाव होतं ‘ई. आर. कॅलथ्रॉप’. कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, पंढरपूर या पट्ट्यात रेल्वेवर जीव असणारी जी माणसं आहेत, त्यांना हे नाव वेगळं सांगावं लागत नाही. एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेचा कर्ता.

बार्शी लाइट १८९७ साली सुरू झाली आणि तिच्या नॅरोगेज रुळांवर शतकाहून अधिक काळ गाड्या धावल्या. त्याच माणसाने तेच रुळांतर, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, घेऊन, जवळपास त्याच विचाराने आपल्या मायदेशी ‘लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे’ बांधली. तिला तिशीही गाठता आली नाही. २७ जून १९०४ ला समारंभाने उद्घाटन झालं आणि १० मार्च १९३४ च्या शनिवारी शेवटची गाडी गेली. एकोणतीस वर्षं आणि साडेआठ महिने.

एकच अभियंता, एकच हिशेब, मग एक गाडी शंभरी ओलांडते आणि दुसरी भरात यायच्या आत संपते, हे कसं? उत्तर यंत्रांत सापडत नाही. यंत्रं दोन्हीकडे उत्तम होती. मॅनिफोल्डची तर काकणभर सरसच म्हणावी लागतील.

आधी हिशेब समजून घेऊ, कारण कॅलथ्रॉपचं सगळं मोठेपण त्या हिशेबात आहे. रूळ किती जाड हवा हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही, एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, किती वजन येतं त्यावर ठरतं. त्या काळच्या रेल्वेत इंजिनाचे आस जड असत आणि वाघिणींचे, म्हणजे मालडब्यांचे, हलके. रूळ मात्र इंजिनाच्या मापाने टाकावा लागे. म्हणजे गाडीतला एकच जण जड, आणि त्याच्यासाठी अख्ख्या मार्गावर जाड लोखंड अंथरायचं. कॅलथ्रॉपने उलट्या टोकाने सुरुवात केली. एका आसावर पाच टन, ही मर्यादा त्याने आधी आखली आणि मग इंजिन, डबे, वाघिणी असं सगळं त्या मर्यादेत बसवलं. इंजिन जास्त ताकदीचं हवं तर आस वाढवायचे, आसावरचा भार वाढवायचा नाही. बार्शीसाठी लीड्सच्या किटसन कारखान्याने बनवलेल्या पहिल्या इंजिनांना म्हणूनच चार जोडलेले आस होते आणि मागे भार उचलायला आणखी दोन. चार आसांवर पाच-पाच टन म्हटलं की वीस टनांची पकड मिळते, आणि रुळाला मात्र एका वेळी पाचच टन सोसावे लागतात.

एवढ्यामुळे यार्डाला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलोचा रूळ पुरला. आज आपल्या मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो, त्याच्याशी ताडून पाहावं. वाघिणींच्या चौकटी त्याने दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या घेतल्या. ओतीव आणि रिव्हेटच्या जड सांगाड्यापेक्षा त्या हलक्या, म्हणून पाच टनांतला जास्तीत जास्त वाटा मालाला मिळे आणि कमीत कमी लोखंडाला. रूळ हलका म्हटल्यावर पूल हलका, भराव अरुंद, वळणं अधिक तीव्र चालतात, आणि मैलाचा खर्च उतरतो. ‘लाइट रेल्वे’ या नावातला हलकेपणा हा असा शेवटच्या रिव्हेटपर्यंत उतरलेला होता.

हा माणूस १८८२ साली जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून हिंदुस्थानात आला होता. बार्शी ही कापसाची मोठी पेठ, आणि जीआयपीचा मार्ग तिला सुमारे ३५ किलोमीटर लांबून टाळून गेलेला. मधलं अंतर बैलगाड्यांचं. माल आहे, बाजार आहे, मोठी रेल्वे आहे, फक्त मधला दुवा नाही. अशा ठिकाणी दुवा जोडला की गाडी पहिल्या दिवसापासून भरते. पुढे १९०६ साली पंढरपूर जोडलं गेलं आणि वारकऱ्यांची गर्दी तिच्या हक्काची झाली. १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. प्रत्येक टप्प्याला पुढच्या टोकाशी एक खरंखुरं गाव उभं होतं.

आता मॅनिफोल्डची दरी पाहू.

चुनखडीच्या डोंगरांत मॅनिफोल्ड आणि हॅम्प्स या दोन नद्या खोल वळणं घेत जातात. दोघींचीही एक खोड आहे. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की त्या पात्रातल्या विवरांतून जमिनीखाली जातात आणि पार खाली इलम गावापाशी वर येतात. मधलं पात्र कोरडं, गोट्यांचं. या दरीतून वॉटरहाउसेस ते हल्म एंड असा सव्वाआठ मैलांचा, म्हणजे सुमारे १३ किलोमीटरचा मार्ग टाकला गेला. हॅम्प्सच्या अरुंद भागात तर रुळांना नदी पुन्हा पुन्हा ओलांडावी लागे. रूळ इथे थोडा जाड घेतला, यार्डाला ३५ पौंडी. रुळांतर बार्शीचंच, अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर.

स्थानकांची नावं क्रमाने म्हटली तरी दरी डोळ्यांपुढे येते. वॉटरहाउसेस, स्पॅरोली, बीस्टन टॉर, ग्रिंडन, थॉर्स केव्ह, वेटन मिल, बटरटन, एक्टन, हल्म एंड. फलाट म्हणजे रुळांच्या पातळीहून जेमतेम वीतभर उंचीचे ओटे. डब्यांना दोन्ही टोकांना उघडे सज्जे आणि पायऱ्या, त्यामुळे फलाट उंच करायची गरजच नव्हती. चारच डबे, मोठे, बोगीचे, फिकट पिवळ्या रंगाचे. उघडे सज्जे आणि इंजिनाच्या कपाळावर ठेवलेला भलामोठा दिवा पाहून गाडी थेट हिंदुस्थानातून आल्यासारखी वाटे. धुक्याच्या ओल्या मुलखात सोलापूर जिल्ह्याचा तोंडवळा. दोन इंजिनं किटसनचीच. पुढे दोन चाकं, मध्ये सहा जोडलेली, मागे चार. दुसऱ्या इंजिनाचं नाव ‘जे. बी. अर्ल’, प्रत्यक्ष जागेवर राहून बांधकाम पाहणाऱ्या अभियंत्याचं. १३ किलोमीटरच्या मार्गाला एवढी देखणी आणि दमदार इंजिनं म्हणजे खरं तर चैन होती.

पण मॅनिफोल्डचं वैशिष्ट्य इंजिनांपेक्षा तिच्या वाहक वाघिणींत होतं, आणि त्यांच्यापाशी जरा थांबायला हवं.

नॅरोगेजचं जुनं दुखणं म्हणजे मालाची अदलाबदल. दोन रुळांतरं जिथे भेटतात तिथे एका वाघिणीतला माल उतरवून दुसरीत भरावा लागतो. कुर्डुवाडीला, जिथे बार्शी लाइट मोठ्या रेल्वेला भेटे, हे काम हमालांच्या पाठीवर चाले. कापसाच्या गाठी, धान्याची पोती हा माल असा आहे की तो उचलता येतो, रचता येतो, चार तास उशीर झाला तरी बिघडत नाही. मजुरीही स्वस्त. इंग्लंडमध्ये मजुरी महाग आणि माल दुधाचा. दुधाची भरलेली एक कॅन शंभर किलोच्या वर जाते. ती उतरवायची, फलाटावरून ढकलत न्यायची, दुसऱ्या डब्यात चढवायची, आणि हे करताना दूध घुसळलं जातं, तापतं, शेवटची गाडी चुकली तर नासतं. सुट्या कोळशाचं आणि दगडाचं तर आणखी वाईट, फावड्याने दोनदा भरायचं.

यावर कॅलथ्रॉपचं उत्तर असं, की माल हलवायचा नाही, आख्खी वाघीणच उचलून न्यायची. त्याने अडीच फुटी रुळांवर धावणारी, दोन बोग्यांवर, म्हणजे चार-चार चाकांच्या फिरत्या गाड्यांवर, झुलणारी एक बसकी चौकट केली. तिच्या दोन्ही बाजूंना, नॅरोगेज चाकांच्या बाहेरून, मोठ्या गाडीच्या चाकांच्या अंतरावर लांब पोलादी पन्हळी. वॉटरहाउसेसच्या यार्डात मोठ्या रुळांची साइडिंग अशा उंचीवर संपवलेली असे, की चौकट तिच्या टोकाला लावली की दोन्हींची पातळी जुळे. मग मोठी वाघीण हळूच ढकलत त्या पन्हळींवर आणायची, चाकांना दोन्हीकडून अडण्या ठोकायच्या, बांधून घट्ट करायची आणि नॅरोगेज इंजिनाने ओढत न्यायची. पलीकडे एक्टन, हल्म एंड अशा स्थानकांवर मोठ्या रुळांचे छोटे छोटे तुकडे टाकलेले होते. त्यांना इतर कुठल्याच रुळांचा सांधा नाही, चार-सहा वाघिणी उभ्या राहतील एवढीच लांबी. वाघीण तिथे उतरवायची, भरायची आणि तशीच परत न्यायची. इंग्लंडमध्ये असं याआधी कोणी केलं नव्हतं.

कागदावर हे फार सुंदर आहे. प्रत्यक्षात त्याची किंमत दुसरीकडून वसूल होते, आणि कोणत्या मार्गाने होते ते पाहण्यासारखं आहे. बार्शीचाच पाच टनांचा नियम धरून हिशेब मांडू. चौकटीला दोन बोग्या, म्हणजे चार आस, म्हणजे एकूण वीस टनांची परवानगी. त्या काळची दहा टन माल नेणारी इंग्रजी वाघीण रिकामी सहा टनांच्या आसपास. भरली की सोळा. उरले चार टन, आणि एवढ्यात वाहक चौकट बसवायची. म्हणजे दहा टन माल नेण्यासाठी दहा टन लोखंड. बार्शीला ज्या हलकेपणासाठी पोलादाचा पत्रा दाबून घेतला, तोच हलकेपणा इथे दुहेरी सांगाड्याने खाऊन टाकला.

दुसरी अडचण तोलाची. ७६२ मिलिमीटर पायाच्या चौकटीवर १४३५ मिलिमीटर पायाची वाघीण. ओझं पायापेक्षा जवळपास दुप्पट रुंद आणि त्याचा भार उंचावर. म्हणून अडण्या पक्क्या हव्यात, वळणावर वेग कमी हवा, आणि वाघिणीत माल एका बाजूला कललेला चालत नाही. तिसरी अडचण सर्वांत महाग. मोठी वाघीण जर या मार्गावरून जाणार, तर मार्गातली प्रत्येक गोष्ट तिच्या मापाची हवी, तीही ती चौकटीमुळे आणखी उंच झालेली असताना. रूळ नॅरोगेजचे, पण मोकळी जागा मोठ्या गाडीची. खांब, कुंपणं, डोक्यावरचे पूल, सगळं लांब आणि उंच.

आणि एक बोगदा.

स्वेन्सली इथे १६४ यार्डांचा, म्हणजे दीडशे मीटरचा बोगदा आहे. स्वेन्सली हॉल ही सर थॉमस वॉर्डल यांची जागा. वॉर्डल लीकचे रेशीम रंगारी, फार मोठे कारागीर. हिंदुस्थानातलं रानरेशीम, आपल्या भंडारा-गडचिरोलीकडे ज्याला कोसा म्हणतात ते तसर, नीट उजळून त्यावर रंग कसा बसवायचा यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि त्यासाठी ते इकडे येऊनही गेले. घरासमोरून गाडी जाताना दिसू नये म्हणून हा बोगदा खणावा लागला, असं दरीत आजवर सांगितलं जातं. कारण काहीही असो, बोगदा खणायचा म्हटल्यावर तो वाहक चौकटीवर चढलेल्या मोठ्या वाघिणीच्या उंचीचा खणावा लागला. नॅरोगेजची मोठी बचत असते ती बोगद्यात, कारण आकार थोडा वाढवला तरी खोदाई कितीतरी वाढते. ती बचत इथे हातची गेली.

तरीही मी या वाहक वाघिणींना चूक म्हणणार नाही. नेहमीच्या अदलाबदलीपेक्षा त्या निश्चित बऱ्या होत्या, आणि एक्टनहून लंडनला जाणारं दूध त्यांच्यामुळेच या रेल्वेकडे टिकलं. चूक त्याआधीची होती, नकाशावरची.

दरीतला मार्ग बांधायला सोपा आणि दिसायला अप्रतिम. पण दरीत माणसं राहत नव्हती. वेटन, ग्रिंडन, बटरटन ही गावं वर, पठारावर. नावं स्थानकांना दिलेली, पण गावं वर आणि स्थानकं खाली. ग्रिंडनसारख्या गावातून स्थानकावर यायचं तर शंभर मीटरहून अधिक उतरायचं, आणि बाजार करून परतताना पिशव्या घेऊन तेवढंच चढायचं. त्यात गाडी नेणार कुठे? शेतकऱ्यांचा बाजार लीकला. हल्म एंडपासून लीक जवळपास सरळ पश्चिमेला, पक्ष्याच्या वाटेने ११-१२ किलोमीटर. गाडी मात्र आधी दरीबरोबर दक्षिणेला वॉटरहाउसेसला जाणार, तिथे उतरून मोठी गाडी पकडायची आणि मग पुन्हा वायव्येला लीक. दुपटीहून जास्त अंतर आणि मध्ये एक बदल. ज्याच्या दारात घोडागाडी आहे तो हे कशाला करेल?

सुरुवातही अडखळत झाली. वॉटरहाउसेस ते लीक हा मोठ्या रुळांचा जोडमार्ग नॉर्थ स्टॅफर्डशायर रेल्वेने बांधायचा होता. तो १९०५ मध्ये पुरा झाला. पहिलं वर्षभर लीकहून वाफेच्या बसने वॉटरहाउसेसला यायचं आणि तिथे नॅरोगेजमध्ये बसायचं. ज्या वर्षी लोकांना गाडीची सवय लागायची, त्याच वर्षी ती कशालाच जोडलेली नव्हती. वाहक वाघिणींनाही वाहून न्यायला मोठी वाघीण दारात यायला हवी ना.

दुसऱ्या टोकाची गोष्ट त्याहून बोचणारी. हल्म एंड हे टोक नव्हतंच, मार्ग तिथे नुसता थांबला. हार्टिंग्टन गाव पुढे तीनेक किलोमीटरवर. त्याच्याही पलीकडून बक्स्टन-ॲशबोर्न असा लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नचा मोठा मार्ग १८९९ पासून जात होता. बक्स्टनकडचा दुवा कधीच जुळला नाही. बार्शी लाइट लातूरपर्यंत, पंढरपूरपर्यंत आणि शेवटी मिरजेपर्यंत वाढली, कारण पुढे प्रत्येक वेळी कोणीतरी वाट पाहत होतं. मॅनिफोल्ड सव्वाआठ मैलांवर सुरू झाली आणि सव्वाआठ मैलांवरच राहिली.

एक्टनला एकेकाळी तांब्याच्या मोठ्या खाणी होत्या. अठराव्या शतकात डेव्हनशरच्या ड्यूकांना त्यांनी अमाप पैसा दिला. पण रेल्वे येईपर्यंत त्या बंद पडलेल्या होत्या. त्या पुन्हा सुरू होतील या आशेला काही वजन होतं, पण वाघिणी भरायला आशा पुरत नाही.

मग उरलं काय? उन्हाळ्यातले सहलीचे प्रवासी आणि दूध. थॉर्स केव्ह ही कड्यातली प्रचंड गुहा पाहायला सुट्टीच्या दिवशी लोक लोटत. चार डबे पुरत नसत, तेव्हा उघड्या मालवाघिणींत बाकं टाकून माणसं बसवत. आणि साध्या मंगळवारी, नोव्हेंबरच्या पावसात, तेच डबे रिकामे. हंगामी गर्दीचा हा पेच अवघड असतो. गर्दीसाठी डबे वाढवले तर वर्षभर उभे राहतात, नाही वाढवले तर ऐन कमाईच्या दिवशी माणसं मागे राहतात. पंढरपूरचाही पेच वरवर असाच, पण तिथे आषाढीनंतर कार्तिकी, माघी, चैत्री आहे. आणि वारी नसलेल्या दिवशी कापूस, धान्य, पेठेत जाणारी माणसं आहेत.

दुधाने गाडी जगवली. एक्टनच्या दूध केंद्रावर आसपासचं दूध गोळा होई आणि वाघिणी भरून निघत. पण दुधाच्या बाबतीत रेल्वेचं नाजूकपण लक्षात घ्यायला हवं. शेतकरी पहाटे कॅन घेऊन डोंगर उतरून केंद्रावर येतो, पुढे नॅरोगेज, पुढे मोठी रेल्वे. पहिल्या महायुद्धानंतर लॉरी थेट शेताच्या फाटकाशी येऊ लागली. ज्या क्षणी कॅन शेतातच लॉरीवर चढते, त्या क्षणी बाकीची सगळी साखळी अनावश्यक होते. वाहक वाघिणीने दूध उतरवायचा एक टप्पा वाचवला होता, लॉरीने सगळेच वाचवले. १९३२ मध्ये एक्टनचं केंद्र बंद झालं आणि त्याबरोबर नेमाने मिळणारा मालही गेला. तोपर्यंत, १९२३ पासून, मार्ग एलएमएस (लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश) या अवाढव्य रेल्वे कंपनीच्या हाती होता. तिच्या हजारो मैलांत या आठ मैलांसाठी झगडणारं कोणी नव्हतं. दोन वर्षांत गाडी थांबली.

कॅलथ्रॉपने हे पाहिलं नाही. बार्शीहून मॅनिफोल्ड आणि तिथून विमानातून उडी मारायच्या पॅराशूटपर्यंत त्याचं डोकं धावत राहिलं. त्याच्या ‘गार्डियन एंजल’ पॅराशूटचा पहिल्या महायुद्धात उपयोगही झाला. अरबी घोडे पाळायचा त्याला नाद होता. तो १९२७ साली गेला, म्हणजे ज्या वर्षी बार्शी लाइट मिरजेला पोहोचली त्याच वर्षी. बार्शी लाइट १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने विकत घेतली आणि मग मध्य रेल्वेची म्हणून अडीच फुटांवर आणखी निम्मं शतक धावली. त्यानंतरही मार्ग मोडला नाही, ब्रॉडगेज झाला. नॅरोगेजचं याहून चांगलं मरण नसतं.

मॅनिफोल्डची दोन्ही इंजिनं भंगारात गेली. किटसनच्या त्या देखण्या जोडीतलं एकही कोणी राखून ठेवलं नाही, याची हळहळ तिकडच्या रेल्वेप्रेमींना अजून वाटते, आणि ती रास्त आहे. रूळ उखडले गेले. परगण्याच्या कौन्सिलने रिकामी वाट ताब्यात घेऊन १९३७ मध्ये ती पायवाट म्हणून खुली केली. आता तिथून माणसं चालतात, सायकली जातात. हल्म एंडला स्थानकाची इमारत उभी आहे, तिथे माहिती केंद्र आहे.

वाटेच्या एका तुकड्यावर मात्र मोटारी चालतात. अडीच फुटी गाडीसाठी खणलेल्या दुसऱ्या एखाद्या बोगद्यातून मोटार नेणं अवघड गेलं असतं. स्वेन्सलीच्या बोगद्यातून ती सहज जाते, आणि वर अजून बरीच जागा उरते, चौकटीवर चढवलेल्या दुधाच्या मोठ्या वाघिणीएवढी.